हरलेल्यांनी मॅट गुंडाळायची

मामा,

परवा मी माइकवर बोलले. हे आधी सांगून टाकते, नाहीतर तू मध्येच थांबवून विचारशील, "कोण? आमच्या मॅडम?" हो, मीच. आपल्या ग्राउंडवर, तुझ्या शोकसभेत, एवढ्या लोकांसमोर, मराठीत. आवाज कापत होता. तुला तो चालला असता. जे बोलले, ते चाललं नसतं.

तुझ्या शर्टांच्या खिशांतून अजून ज्येष्ठमधाच्या काड्या निघतायत. आई एकेक काडी काढून खिडकीत ठेवते. घरी येणारे लोक खूप बोलतात. सुधाकरभाऊंसारखा माणूस मिळायचा नाही. कधी कुणाला दुखावलं नाही. कधी कुणाला नाही म्हटलं नाही. मी चहाचे कप उचलता उचलता मनात म्हणते, तेच तर. कुणालाच नाही म्हटलं नाही.

मी चिडलेली आहे, मामा. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. पण आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि अर्ध्या भांडणातून उठून जायची तुझी सवय जुनी आहे. या वेळी तू जरा जास्तच लांब गेलास, म्हणून मी थांबायचं का?

लहानपणी मला वाटायचं, ग्राउंड म्हणजे तुझा आवाज. हिवाळ्यात टुर्नामेंट सुरू झाली की उत्तरेच्या बाजूला कडुलिंबाखाली लाकडी टेबल लागायचं. झाडाला कर्णा बांधलेला असायचा. तू आणि रऊफ चाचा आलटून पालटून कॉमेंट्री करायचात, तू मराठीत आणि ते त्यांच्या दखनीत. तरुणपणी ते विकेटकीपर होते आणि तू स्लिपमध्ये उभा राहायचास. बडबड तेव्हापासूनची, माइक नंतर आला. कर्ण्याचं तोंड तू मुद्दाम उस्मानपुऱ्याकडे करून घ्यायचास, म्हणजे घरी आईला स्कोअर कळावा. "शेवटचं षटक" असं ऐकू आलं की आई चहा टाकायची.

इंग्रजी शाळेत मराठी बोललं की आम्हाला वर्गाबाहेर उभं करायचे. घरी मी कुठल्याच भाषेत फारशी बोलत नव्हते. मराठी मी तुझ्या टेबलाशेजारच्या खुर्चीवर शिकले. "षटक म्हणजे ओव्हर, मॅडम. यष्टी म्हणजे स्टंप. आणि हा जो बॅट घेऊन उभाय ना, त्याला म्हणतात पाहुणा. कारण तो आता निघणारय." हे सगळं तू माइक बंद न करता सांगायचास. अख्खं ग्राउंड हसायचं. बॅट्समन रागानं मागे वळून बघायचा आणि पुढच्याच बॉलला खरंच निघायचा.

कुणी लांबचा रनअप घेतला की तू म्हणायचास, "गोलंदाज चिकलठाण्याहून निघालेले आहेत. मोंढ्यात पोचलेत. आले, आले, आणि वाइड! जावा पाव्हणं, परत चिकलठाण्याला." मागून रऊफ चाचा, "मियां, आते वखत पानी पीके आओ."

मी हसायचे ते तोंडावर हात ठेवून. तू बघायचास. एकदा तू तेही माइकवर सांगितलंस, "आमच्या भाचीबाई हसलेल्या आहेत, नोंद घ्यावी," आणि मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही.

पण मला सगळ्यात आवडायचं ते बॉल हरवणं. कडुलिंबाच्या पलीकडे बाभळी होत्या. सिक्स तिकडे गेली की फील्डर काठ्या घेऊन काट्यांत शिरायचे आणि तू सुरू करायचास, "चेंडू बाभळीत गेलेला आहे. सापडेपर्यंत ऐका ग्राउंडचा इतिहास." प्रत्येक मॅचला तो असाच तुकड्या-तुकड्यानं यायचा. बॉल सापडला की जिथं असशील तिथं थांबायचास. "चेंडू सापडलेला आहे. इतिहास थांबवण्यात येत आहे."

त्यामुळे माझ्याकडे आपल्या ग्राउंडचा सगळा इतिहास आहे आणि त्यातली एकही गोष्ट पूर्ण नाही. निजामाच्या काळात इथं घोडेस्वार उतरायचे आणि त्यांच्यात एक घोडा असा होता की... चेंडू सापडलेला आहे. तो घोडा कसा होता हे मला आजपर्यंत माहीत नाही. मग निजाम गेला आणि तिथं कडब्याच्या गाड्या उभ्या राहायला लागल्या. मग आजूबाजूच्या मोहल्ल्यांतली पोरं खेळायला लागली. सगळीकडे दगड. म्हणून ठरलं, खेळून घरी जाताना प्रत्येकानं एक दगड उचलून ग्राउंडबाहेर न्यायचा. त्याच दगडांची दक्षिणेची भिंत झाली. त्या भिंतीवर बसून मॅच बघणारे म्हातारे आपापला दगड ओळखायचे, असं तू म्हणायचास. थापा असतील. पण मी अजूनही त्या भिंतीला टेकून उभी राहत नाही.

आणि मग मॅट आली. काथ्याची, हातगाडीवरून. टर्फ विकेट बनवायची कुणाची ऐपत नव्हती, म्हणून मुरुमावर मॅट अंथरायची, कडेनं लांब खिळे ठोकायचे, पाणी मारायचं आणि खेळायचं. मॅच संपली की ती उचलून खोलीत ठेवायची. भिजलेली मॅट उचलायला सात-आठ माणसं लागायची. म्हणून आपल्या ग्राउंडचा तो नियम. हरलेल्यांनी मॅट गुंडाळायची.

डॉक्टरांची टीम असो, पोलिसांची असो, कॉलेजची असो. हरलात, मॅट गुंडाळा. वकिलांची टीम हरली तेव्हा तू म्हणालास, "वकील साहेबांचं अपील फेटाळण्यात आलेलं आहे. आता हमाली." आणि ते गुंडाळत होते, हसत, पँट मातीनं भरवत. नियम कसा सुरू झाला याची तुझी कथा दर वर्षी बदलायची. कधी त्यात कलेक्टर असायचा, कधी तहसीलदार. रऊफ चाचांना विचारलं तर ते म्हणायचे, "रूल-बील कुछ नै था बेटी. मॅट भोत वजनदार थी, कोई उठाताच नै था. फिर क्या, जो हारा उसकू पकडो."

तुझ्या कथांमधली एकच गोष्ट तू माइकवर कधी सांगितली नाहीस. ती घरी सांगितलीस, भाजी निवडताना, माझ्याकडे न बघता. फुलंब्रीच्या पुढचं आपलं गाव. तिथं ओझं कुणी उचलायचं हे माणूस जन्मायच्या आधी ठरलेलं असायचं. कॉलेजला म्हणून तू शहरात आलास, टीममध्ये आलास, पहिली मॅच खेळलास आणि जिंकलास. समोरच्या टीममध्ये गावच्या पाटलांचा भाचा होता. तो वाकला आणि मॅट गुंडाळायला लागला. तू उभा होतास. "हाताचं काय करावं तेच कळंना मला. शेवटी खिशात घातले." थोड्या वेळानं परत म्हणालास, "आपल्याकडं ते आधी ठरायचं. ग्राउंडवर निकालानंतर. कळलं का, मॅडम? निकालानंतर."

कळलं होतं, मामा. म्हणूनच नंतरचं कळत नाही.

भाऊसाहेब ग्राउंडच्या कमिटीचे सेक्रेटरी झाले तेव्हा तू खूश होतास. आपल्यातलाच पोरगा, भिंतीवर बसून मॅच बघत मोठा झालेला. फायनलच्या दिवशी पॅव्हेलियनच्या मागच्या खोलीत कमिटीची मीटिंग झाली. खेळाडूंना सांगितलं नव्हतं. सगळे खेळाडू ग्राउंडवर होते. तू माइकवर होतास. तुझाच आवाज इतका मोठा होता की खोलीचं दार लावलेलं कुणाच्या लक्षात आलं नाही. तू बाहेर षटकं सांगत होतास आणि आत उत्तरेची बाजू एका पार्टीला देऊन झाली. तिथं टर्फ, म्हणजे जाळीतलं क्रिकेट होणार, चारी बाजूंनी जाळी, वरून जाळी, खाली हिरवं प्लास्टिक, तासावर भाडं. बक्षीस समारंभ झाल्यावर तुम्हाला सांगितलं. रऊफ चाचांनी शिव्या दिल्या. तू त्यांना म्हणालास, "चहा घे."

बाभळी गेल्या. कडुलिंब गेला. उरलेलं ग्राउंड तसंच राहणार असं सांगितलं होतं. तिथं आता कधी प्रदर्शन असतं, कधी लग्नाच्या गाड्या. मॅट कुणी नेली, कुणालाच माहीत नाही.

हे सगळं झालं तरी मी तुझ्यावर चिडले नव्हते. त्यांच्यावर चिडले होते. मग भाऊसाहेब घरी आले, पाय न धुता आत आले, आणि म्हणाले, "सुधाकरभाऊ, तुमच्या आवाजाशिवाय नारळ फुटणार कसा?" आणि तू गेलास.

इस्त्रीचा शर्ट घालून गेलास. आईनं आग्रह केला म्हणून मीही आले. कडुलिंबाच्या बुंध्याचा जो तुकडा जमिनीत राहिला होता, त्याच्या शेजारी उभा राहून तू बोललास, "आपल्या शहराला एक आधुनिक सुविधा लाभत आहे." तो तुझा आवाजच नव्हता. तू 'लाभत आहे' असं आयुष्यात कधी म्हणत नाहीस. मग भाऊसाहेबांनी माइक घेतला आणि हसत सांगितलं, "आता एक फायदा. बॉल हरवायचं टेन्शन नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. तूही वाजवल्यास. मी तुझ्या हातांकडे बघत होते. बॉल हरवणार नाही म्हणजे तुला बोलायला वेळच मिळणार नाही, इतिहास संपला, हे तिथं फक्त मला आणि तुलाच कळत होतं आणि तू टाळ्या वाजवत होतास.

त्या संध्याकाळी जेवताना मी विचारलं, "का गेलास तू?"

"बोलावलं. गेलो."

"त्यांनी ग्राउंड चोरलं."

"चोरलं नाय. ठराव झालाय. आपण हरलो."

"खेळलो कधी आपण?"

तू भाकरीचा तुकडा मोडून तसाच धरून बसलास. "मॅडम, हरलेल्यांनी मॅट गुंडाळायची असती. तोंड वाकडं न करता. तेवढं एकच शिकलोय मी त्या ग्राउंडवर."

"टॉस तरी झाला होता का, मामा?"

"लई बोलायलीस आज."

"टॉस झाला होता का?"

आई म्हणाली, "जेवा आधी दोघंबी." तू ताट सरकवलंस आणि हात धुवायला उठलास. ते भांडण तिथंच आहे अजून, ताटाजवळ.

मला जे म्हणायचं होतं ते मला नीट म्हणता आलं नाही. मला कधीच वेळेवर म्हणता येत नाही, नंतर बसमध्ये आठवतं. शेंद्र्याला कंपनीच्या बसमध्ये रोज सकाळी मी तुझ्याशी भांडत होते, खिडकीकडे तोंड करून. तर ऐक. ओझं कुणी उचलायचं हे पुन्हा आधीच ठरलं होतं. दार लावून ठरलं होतं. निकाल नव्हताच, कारण मॅच नव्हती. हा फरक आपल्या घरात सगळ्यात चांगला कुणाला ठाऊक होता? तुला. ज्या माणसाला त्या दिवशी हाताचं काय करावं कळलं नव्हतं, त्या माणसाला. आणि तोच वाकला, हसतमुखानं, आणि वर त्याला खिलाडूवृत्ती म्हणाला. पाटलांचा भाचा हरला होता, मामा. तू हरला नव्हतास. तुला लुटलं होतं. लुटलेल्या माणसानं लुटणाऱ्याच्या बॅगा गाडीपर्यंत नेऊन द्यायच्या नसतात.

नंतरचे दिवस आपण आईमार्फत बोललो. "मामाला विचार चहा घेणार का." "मॅडमला सांग, घेणार." तू मला हसवायचा प्रयत्न केलास. आई भाकरी टाकत होती आणि तू दारात उभा राहून, हातात माइकसारखा चमचा धरून, "बेबीनं भाकरी टाकलेली आहे. तवा अनुकूल आहे. फुगते का? फुगते का? फुगली!" आई हसली. तुझी धाकटी बहीण आहे ती, तिला तू काहीही करून हसवतोस. मग स्कूटीवरून बाजारात जायला मी हेल्मेट घालून निघाले तर माझ्या मागे, "मॅडम हेल्मेटसह मैदानात उतरलेल्या आहेत. चेहऱ्यावर राग. गोलंदाजांनी काळजी घ्यावी." मी हसले नाही. तू गेल्यावर सगळ्यांना वाटतं, मला आता त्याचं वाईट वाटत असणार. नाही वाटत. ते हसण्यावर न्यायचं नव्हतंच. तू उत्तर द्यायला हवं होतंस.

तरी खोटं का बोलू, कंपनीच्या मीटिंगमध्ये मध्यंतरी कुणीतरी खूप लांबण लावली तेव्हा माझ्या डोक्यात तुझाच आवाज आला, "मोंढ्यात पोचलेत," आणि मला तोंडावर हात ठेवावा लागला. माझ्या डोक्यात मराठी बोलतं ते तुझ्याच आवाजात. मी तुझ्याशी भांडते तेव्हाही शब्द तुझेच असतात. याबद्दल मी तुला कधी थँक यू म्हटलं नाही. आत्ताही म्हणत नाही, आत्ता मी चिडलेली आहे.

तू गेल्यावर भाऊसाहेब परत आले. या वेळी चप्पल दाराबाहेर काढली. खुर्चीच्या कडेवर बसले आणि आईला म्हणाले, "ताई, टर्फला भाऊंचं नाव द्यायचं कमिटीनं ठरवलंय. शोकसभेत जाहीर करू. उद्घाटनाचं रेकॉर्डिंग आहे आपल्याकडं, भाऊंचाच आवाज. ते लावू. तुमची संमती असू द्या."

आईचा चेहरा एकदम बदलला. तू गेल्यापासून पहिल्यांदा ती ताठ बसली. "नाव राहील त्याचं," ती मला म्हणाली, भाऊसाहेबांना नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, नेहमीसारखी.

त्यांनी मोबाइलवर बोर्ड दाखवला. 'स्व. सुधाकरभाऊ स्मृती क्रिकेट टर्फ.' मागे हिरवं गवत आणि कोपऱ्यात भाऊसाहेबांचा फोटो, तुझ्यापेक्षा मोठा.

आईनं मोबाइल लांब धरून वाचलं. "आमच्यात स्वर्गीय लिवत नाय, भाऊसाहेब. कालकथित लिवतात."

"एकच की ते, ताई."

"एक नाय."

"बघू. छापायला टाकलाय बोर्ड."

ते गेले. मी म्हटलं, "आई, नको देऊ." ती म्हणाली, "तुला काय जातंय नको म्हणायला. त्याचं नाव कुठं हाय दुसरीकडं? ना पोर, ना बाळ, ना घराच्या पाटीवर." नावाची तिला भूक होती, आणि तिचं चूक नव्हतं. तुझं नाव कुठंतरी असायला हवं, हे मलाही वाटत होतं. पण जिथं तुला गप्प बसवलं, त्याच जागेवर तुझं नाव लागलं असतं, तर पुढच्या पोरांना वाटलं असतं की हे सगळं तुझ्याच मर्जीनं झालं. तू तर परत येऊन सांगणार नव्हतास. जिवंत होतास तेव्हाही सांगितलं नव्हतंस.

विहारात तुझं पुण्यानुमोदन नीट झालं. आपली माणसं होती, वंदना झाली, कुणी भाषण ठोकलं नाही. शोकसभा कमिटीची. ग्राउंडवर सतरंजी अंथरली होती, मोठी, मंडपवाल्याची, निळ्या-लाल पट्ट्यांची. एका बाजूला प्रदर्शनाच्या गाड्या. आणि मागे जाळीत मॅच चालू. बुकिंग होतं म्हणे, थांबवता येत नव्हतं. आम्ही तुझ्यासाठी मौन पाळायला उभे राहिलो आणि जाळीतून कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडलं, "आउट आहे बे!" तू असतास तर हसला असतास. माझ्या शेजारी रऊफ चाचांचे खांदे हलत होते. ते रडत होते की हसत होते, मी विचारलं नाही.

मग तुझा आवाज लावला. "आपल्या शहराला एक आधुनिक सुविधा लाभत आहे." इतक्या वर्षांतलं त्यांना तेवढंच सापडलं. चिकलठाणा नाही, वकील नाहीत, घोडा नाही. आईनं मान खाली घातली. मला वाटलं, तिलाही ऐकू आलं, हा तुझा आवाज नाही म्हणून.

भाऊसाहेब म्हणाले, "कुटुंबाच्या संमतीनं जाहीर करण्यास आनंद होतो की..."

मी उठले. मी ठरवलेलं नव्हतं. माइकपर्यंत जाईपर्यंत मला वाटत होतं की कुणीतरी थांबवेल. भाऊसाहेबांना वाटलं, मी आभार मानायला आले. त्यांनी माइक हातात दिला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

तू मला सांगायचास, "माइकवर बोलताना माणसाकडं बघू नाय. झाडाकडं बघावं. झाड हसत नाय." मी झाड शोधलं. तिथं जाळीचा लोखंडी खांब होता. मग मी भाऊसाहेबांकडेच बघितलं.

काय बोलले ते तुला जसंच्या तसं सांगते. "कुटुंबाची संमती नाही. हे टर्फ ज्या मीटिंगमध्ये ठरलं, तेव्हा मामा इथं बाहेर फायनलचा स्कोअर सांगत होता. त्याला कुणी विचारलं नाही. तो काही बोलला नाही, ते त्याचं चुकलं. पण त्याचं नाव या जाळीला लावायचं नाही. आणि आम्ही स्वर्गीय म्हणत नाही." माइक मध्ये एकदा किंचाळला. मराठीत दोन चुका झाल्या, त्या मी इथं सुधारून लिहिल्यात. 'त्याचं चुकलं' असं मी भर सभेत म्हटलं तुझ्याबद्दल. तेवढं मात्र तसंच ठेवलंय.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भाऊसाहेबांनी माइक हळूच काढून घेतला. "मुलगी लहान आहे. भावना आपण समजू शकतो. नावाचं आपण घरी बसून बघू. सभा संपली असं जाहीर करतो."

लोक उठले. चपला शोधायला लागले. मी आईकडे बघत नव्हते. तिनं मला न विचारता 'हो' म्हटलं होतं आणि मी तिला न विचारता 'नाही'. आणि तेव्हा तुझे ते सगळे जुने खेळाडू, पांढऱ्या केसांचे, गुडघे दुखणारे, कुणी काही न सांगता सतरंजीच्या एका कडेला ओळीनं उभे राहिले आणि वाकले. सवयीनं. रऊफ चाचा मधोमध. सतरंजी गुंडाळायला लागले.

मला इतका राग आयुष्यात आला नव्हता. मी सतरंजीच्या मध्यावर जाऊन बसले. मांडी घालून.

"उठ बेटी. गोल करना है."

"चाचा, गुंडाळायची कुणी असते?"

"हारे सो."

"मग आपण हरलो का?"

ते वाकलेलेच राहिले, सतरंजीची कड हातात धरून. जाळीत कुणीतरी बॉल मारला, तो जाळीला लागून परत आत पडला. चाचांनी तिकडे बघितलं. मग कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाले, कड सोडून दिली, आणि माझ्यापासून थोड्या अंतरावर येऊन बसले. गुडघे वाजले त्यांचे. "नक्को," ते बाकीच्यांना म्हणाले. "छोडो रे. मॅच कहां हुई?"

एकेक करून सगळे बसले. कुणी भाऊसाहेबांच्या तोंडाकडे बघितलं नाही. भाऊसाहेब म्हणाले, "अहो, मंडपवाला थांबलाय. सतरंजी त्याची आहे."

आई माझ्यामागे उभी होती. मला वाटलं, आता मला घरी घेऊन जाईल. तिनं पदर खोचला आणि माझ्याशेजारी बसली. "मग तुम्ही गुंडाळा की, भाऊसाहेब," ती म्हणाली. "तुमचीच हाय ना सभा."

आईनं तुझी ज्येष्ठमधाची एक काडी पर्समधून काढली, मोडली आणि अर्धी मला दिली. मी चाचांना विचारलं, "तो निजामाचा घोडा कसा होता?" ते म्हणाले, "क्या मालूम. हर साल नया घोडा बताता था." आणि मग त्यांनीच सुरुवात केली, त्यांना आठवेल तशी, घोड्यापासून, कडब्याच्या गाड्यांपासून. दगडांवरून दोघा म्हाताऱ्यांचं भांडण लागलं, कुणाचा दगड भिंतीत कुठं आहे त्यावरून. बॉल कुणाचाच हरवला नव्हता. त्यामुळे कुणी थांबवलंही नाही.

बोर्ड अजून लागलेला नाही. लागेलही, छापायला टाकलाच आहे. लागला तर मी परत जाईन आणि परत माझा आवाज कापेल. तू यावर चिडला असशील, तर चिड. निदान तेव्हा तरी आपलं भांडण पुढं सरकेल.

अंधार पडायच्या आत आम्ही उठलो आणि निघालो. सतरंजी तिथंच पसरलेली होती. ती नंतर कुणी गुंडाळली, मला माहीत नाही. आपण नाही गुंडाळली, मामा.